मदत हवी आहे: एमिअबल, अ‍ॅफेबल, जीनियल, कॉर्डियल... अण्णांसाठी कुठला?

मंडळी, मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आहे. आमचे मोल्डिंगचे सुपरवायझर अण्णा महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. कार्यक्रमाला जर्मनीचे ग्राहकही ऑनलाइन असणार, म्हणून मानपत्र इंग्रजीतही हवं असं मालकांचं म्हणणं. ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

मराठीत दिलदार, मनमोकळा लिहून मोकळा झालो. इंग्रजीत 'नाइस' चाललं असतं, पण नाइस तर चहालाही म्हणतात. शब्दकोश उघडला तर एकाचा अर्थ दुसऱ्याच्या नावानं दिलेला.

मला कळलं ते असं. अ‍ॅमिकेबल हे संबंधांना लागतं: तडजोड, वाटणी, घटस्फोटसुद्धा. माणसाला सहसा नाही. कॉन्जीनियल म्हणजे आपल्या स्वभावाला मानवणारी जागा किंवा सोबत. हे दोन बाद. पर्सनेबलमध्ये दिसणं-वागणं दोन्ही येतं, तेही बाद (अण्णांना सांगू नका).

उरलेल्या चारांत अडलोय. अण्णांचा शिफ्टमधला आवाज भट्टीच्या वर जातो. पण नवीन पोरगं असो की ऑडिटर, लगेच गप्पा सुरू. बाहेरचा पाहुणा तांबडा-पांढरा ओरपल्याशिवाय कोल्हापूर सोडूच शकत नाही. एमिअबल लिहिलं तर फार मवाळ वाटेल का?

प्रतिसाद: वाटेल. एमिअबल माणूस कुणाला अडवत नाही, आवाज चढवत नाही. तुमचे अण्णा त्यातले दिसत नाहीत. कॉर्डियलचं मूळ लॅटिनमधल्या हृदयात असलं, तरी आज तो शब्द औपचारिक झालाय. दोन देशांच्या मंत्र्यांची भेट 'कॉर्डियल वातावरणात' होते, तसला. अ‍ॅफेबल घ्या. मूळ लॅटिन क्रियापद 'बोलणे' या अर्थाचं. ज्याच्याशी कुणालाही सहज बोलता येतं तो अ‍ॅफेबल, विशेषतः वरच्या पदावरचा असूनही.

दुसरा प्रतिसाद: आणि रश्श्याला जीनियल! त्यात उबदारपणा आणि खुशमिजाज दोन्ही आहे. 'जीनियल होस्ट' ही इंग्रजीतली ठरलेली जोडी. एकाच शब्दात सगळे अण्णा कोंबायचा हट्ट कशाला?

धागाकर्ता: पटलं. पोरांच्या वाक्यात अ‍ॅफेबल, पाहुण्यांच्या वाक्यात जीनियल होस्ट. पण आरडाओरडा करणारा माणूस अ‍ॅफेबल कसा, असं जर्मन म्हणणार नाहीत ना?

प्रतिसाद: नाही. खरखरीत बोलणाऱ्याला 'ग्रफ' म्हणतात, आणि 'ग्रफ बट अ‍ॅफेबल' असं इंग्रजीत बिनधास्त लिहितात.

दुसरा प्रतिसाद: मानपत्रात ग्रफ नको हो, घरची मंडळी समोर बसलेली असतात. ते मालकांना भाषणात बोलू दे.

धागाकर्ता: मालकच वाचणार आहेत. उच्चार?

प्रतिसाद: अ‍ॅफेबलमध्ये जोर 'अ‍ॅ'वर, जीनियलमध्ये 'जी'वर. 'जी' दीर्घ. इंग्रजीत 'जीनियस'मध्ये असतो तसाच, तोडू नका म्हणावं.