रिव्हेटचं मागचं डोकं तिरकं बसलंय: काढू की राहू देऊ?

गॅरेजवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली आहे.

आरव्ही-७ या घरी बांधायच्या छोट्या विमानाचं शेपटाचं किट बांधायला घेतलंय. आडव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटाच्या आडव्या, न हलणाऱ्या पंखाच्या) मागच्या स्पारला, म्हणजे आतल्या मुख्य तुळईला, जाड पट्ट्या जोडायच्या असतात, तिथपर्यंत पोचलो. रिव्हेट एएन ४७० एडी ४, म्हणजे गोल डोक्याचे, १/८ इंच जाडीचे. स्क्वीझर (रिव्हेट दोन्हीकडून दाबून बसवणारं हत्यार) अजून घेतलेला नाही, त्यामुळे पुढून ठोकणारी हवेची गन आणि मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार. एका हातात गन, दुसऱ्या हातात बार, आणि स्पार टेबलाला क्लॅम्प केलेला.

बहुतेक छान बसलेत. पण काहींचं मागचं डोकं, म्हणजे ठोकल्यावर बारच्या बाजूला तयार होतं ते, एका बाजूला कललंय. गेज लावला तर एका बाजूने उंची बरोबर, दुसऱ्या बाजूने कमी. एक जरा जास्तच चपटा झालाय. एकाच्या पुढच्या डोक्यावर गनच्या सेटची (गनचं रिव्हेटवर टेकणारं टोक) चंद्रकोर उमटली आहे. आणि एका ठिकाणी काय झालंय ते मला नीट कळत नाही: डोकं दिसायला उत्तम, पण स्पार आणि पट्टी यांच्यामधून बारीकशी उजेडाची रेघ दिसते.

एक मित्र म्हणतो सगळे काढ, शेपूट आहे, खेळ नाही. दुसरा म्हणतो हात लावू नकोस, आणखी बिघडेल. दोघांनीही आजवर एकही रिव्हेट मारलेला नाही. तेव्हा तुम्हीच सांगा. काढायचे तर भोक मोठं न करता कसे काढायचे, आणि मुळात तिरके होतात कशामुळे?

---

जुना_फिटर

आधी ड्रिल खाली ठेवा. उत्तर मिळेपर्यंत कॉम्प्रेसरही बंद.

तुम्ही चार वेगवेगळे दोष एका पिशवीत भरलेत. त्यातला एकच खरा वाईट आहे, आणि तो तुम्ही सगळ्यात शेवटी, सहज म्हणून लिहिलात. उजेडाची रेघ. तो रिव्हेट काढायचा. बाकीच्यांचं बघू.

रिव्हेट काम कसं करतो ते डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दोन पत्रे एकमेकांवरून सरकायला बघतात आणि रिव्हेटचा दांडा त्यांना आडवा येतो. १/८ च्या एडी रिव्हेटचा दांडा असा आडवा कापायला सुमारे ३८८ पौंड लागतात, म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आसपास. हा भार दांडा घेतो, मागचं डोकं नाही. गन मारताना दांडा फुगतो आणि भोक गच्च भरतो, खरी ताकद तिथून येते. मागच्या डोक्याचं काम पत्रे एकमेकांना चिकटवून ठेवायचं आणि दांडा बाहेर येऊ न द्यायचं. ते थोडं कललं तरी दांडा भोकात गच्चच असतो.

आता तुमच्या त्या रेघेच्या जागी काय झालंय बघा. पत्रे एकमेकांना टेकलेलेच नव्हते. मध्ये ड्रिलचा कीस अडकला असेल, नाहीतर शेजारचा क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी पिन) लवकर काढला असेल. गन चालली तेव्हा दांडा त्या फटीत फुगला आणि दोन पत्र्यांच्या मधे त्याची कॉलर तयार झाली. आता तुम्ही कितीही ठोका, ती फट मिटणार नाही. बाहेरून मात्र डोकं एकदम देखणं. म्हणून मी नवीन माणसाला आधी पत्र्याची कड बघायला सांगतो, डोकं नंतर.

तिरक्यांबद्दल: मागच्या डोक्याचं माप रुंदीला दांड्याच्या दीडपट आणि उंचीला निम्मं. १/८ ला म्हणजे रुंदी सुमारे ४.८ मिमी, उंची सुमारे १.६ मिमी. कललेल्या डोक्याची बुटकी बाजूही पत्र्याला पूर्ण टेकलेली आहे का? भोकाची कड कुठूनही उघडी पडलेली नाही ना? नसेल तर राहू द्या. डोकं घसरून एका बाजूला लोळलं असेल आणि भोकाचा काठ दिसत असेल तर काढा.

जास्त चपटा झालाय त्याच्या कडेला भिंगातून बघा. भेगा नसतील आणि पत्रा भोवताली फुगलेला नसेल तर सोडून द्या. कमी बसलेला असता तर पुन्हा दोन ठोके मारून काम झालं असतं. पण तुम्ही तसा एकही सांगितला नाही, म्हणजे तुमचा हात जड आहे. हवेचं प्रेशर थोडं उतरवा.

चंद्रकोर फक्त रिव्हेटच्या डोक्यावर असेल तर बारीक पॉलिश करा आणि विसरा. पत्र्यावर उतरली असेल तर वेगळी गोष्ट. हा पत्रा अल्क्लॅड आहे: आत २०२४-टी३ मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, गंज लागू नये म्हणून. नखाला लागेल असा चरा असेल तर तो घासून गुळगुळीत करायचा आणि प्रायमर लावायचा. धारदार चरा तसाच ठेवायचा नाही, पुढे तिथूनच भेग सुरू होते.

---

शून्य_तडजोड

मी असहमत आहे. माझ्या विमानात मापात न बसलेला एकही रिव्हेट मी ठेवलेला नाही. सगळे काढून नवे मारले. शेपूट हा सगळ्यात नाजूक भाग, फ्लटर झालं, म्हणजे हवेच्या वेगाने शेपूट जोरात फडफडायला लागलं, तर काही सेकंदांत खेळ संपतो. पुढे वर उडताना "तो एक तिरका" आठवत राहणार असेल तर आत्ताच काढलेला बरा. मनाची शांतता पण मोजायची असते.

---

जुना_फिटर

मनाची शांतता ड्रिलच्या बिटने मिळत नाही हो.

फ्लटर होतं ते हलणाऱ्या भागांच्या बॅलन्समुळे, बिजागरीतल्या ढिलाईमुळे, सांगाडा लवचिक पडल्यामुळे. स्टॅबिलायझरच्या स्पारमध्ये एका ओळीत कितीतरी रिव्हेट आहेत, त्यातल्या एकाचं मागचं डोकं थोडं कललं म्हणून फ्लटर येत नाही. एलिव्हेटरचा (स्टॅबिलायझरच्या मागच्या हलत्या भागाचा) बॅलन्स रंग दिल्यावर पुन्हा तपासलात का ते सांगा, तिथे मी तुमच्याइतकाच कडक आहे.

आता काढण्याची किंमत बघा. १/८ च्या रिव्हेटचं भोक पाडायचं ३० नंबरचं बिट ०.१२८५ इंच. रिव्हेट ०.१२५. म्हणजे मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही नाही. काढताना बिट जरा सरकलं, किंवा दांडा ठोकताना पत्रा वाकला, की भोक अंडाकृती झालं. मग पुढचा मोठा रिव्हेट ५/३२ चा. आणि इथे लोक अडकतात. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत दांड्याच्या निदान दुप्पट अंतर लागतं. १/८ ला पाव इंच पुरतं. ५/३२ ला ५/१६ इंच हवं. किटचं भोक कारखान्यात पाव इंचाच्या हिशोबाने पाडलं असेल तर ती जास्तीची जागा तुम्ही कुठून आणणार? एका कुरूप पण भक्कम रिव्हेटच्या जागी तुम्हाला देखणा रिव्हेट आणि कडेला कमकुवत पत्रा मिळतो.

तुम्ही सगळे काढलेत आणि एकही भोक बिघडलं नाही, मान्य. हात चांगला आहे तुमचा. पण ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला हा सल्ला देऊ नका. ज्याचे रिव्हेट तिरके होतात त्याचंच ड्रिल सरळ चालेल असं कशावरून?

---

बार_माझ्याकडे

काढण्याबद्दल मी लिहिते. आमच्या घरी गन हे धरतात आणि बार मी, त्यामुळे मागच्या डोक्यांची सगळी बोलणी मीच खाल्ली आहेत.

एडी रिव्हेटच्या पुढच्या डोक्यावर मधोमध एक छोटा खळगा असतो. तो मिश्रधातूची खूण म्हणून असतो, पण आपल्याला बिट टेकवायला आयता सापडतो. १/८ च्या रिव्हेटला सरळ ३० नंबरचं बिट लावू नका, आधी ४० नंबरचं बारीक बिट घ्या. बिट खळग्यात ठेवून चक हाताने दोन-तीन वेळा फिरवा, म्हणजे ते जागा धरतं. मग हळू ट्रिगर. फक्त डोक्याच्या जाडीइतकंच खोल जायचं, पत्र्यापर्यंत नाही. भोकात पिन पंच घालून बाजूला कलवलं की डोकं तुटून येतं. नाही आलं तर आणखी किंचित खोल. जोर लावायचा नाही.

आता दांडा. इथेच पत्रा वाकतो. मागून आधार हवाच: दांड्याच्या अगदी शेजारी बकिंग बार टेकवा, किंवा भोक पाडलेला लाकडाचा ठोकळा, म्हणजे मागचं डोकं त्या भोकात उतरेल. मग पंच आणि छोटी हातोडी. हट्टी दांडा असेल तर तेच बारीक बिट मधोमध आरपार घाला. आतून पोकळ झाला की तो भोकाची पकड सोडतो आणि एका टिचकीत निघतो.

पहिल्यांदा हे स्पारवर करू नका. भंगार पत्र्याचे दोन तुकडे घ्या, मुद्दाम वाईट रिव्हेट मारा आणि काढा. भोकं ३० नंबरची राहिली की मगच खऱ्या कामाला हात लावा.

तिरके का होतात? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा रिव्हेट लांब असतो. पत्र्याबाहेर दांडा दीडपट निघायला हवा, १/८ ला सुमारे ४.८ मिमी. ड्रॉइंगमध्ये लिहिलेली लांबीही कधी कधी तुमच्या जागी जास्त ठरते, म्हणून मारण्याआधी गेज लावून बघा. लांब दांडा फुगायच्या आधी वाकतो. दुसरं कारण हलका बार. बार हलका असला की तो गनबरोबर नाचतो, दांडा हळूहळू कडक होत जातो आणि मग बसायचं नावच घेत नाही. जड बार घ्या आणि दोन-तीन सेकंदांत काम संपेल असं प्रेशर ठेवा.

आणि सगळे एकाच दिशेला कललेत का बघा. तसं असेल तर दोष रिव्हेटचा नाही, तुमच्या मनगटाचा आहे. एकटे मारताय म्हणून होतंय. कुणालातरी बार धरायला बोलवा. विमानाबद्दल काही माहीत नसलं तरी चालतं, "धर" म्हटलं की धरणारा आणि "थांब" म्हटलं की थांबणारा माणूस हवा.

---

वहीवाला

छोटीशी भर. जे काढाल आणि जे ठेवाल, दोन्हीचे फोटो काढून तारखेसह नोंद ठेवा. अमेरिकेत एफएए या सरकारी विमान नियामक संस्थेकडे हौशी बांधणीत नोंदणी करताना निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केल्याचं दाखवावं लागतं, तिथे हीच वही कामी येते. नियम देशागणिक वेगळे असले तरी तपासणारा माणूस सगळीकडे विचारतोच: आत काय आहे? तोवर वरचा पत्रा बसलेला असतो.

शिवाय १९५३ पासून चालत आलेली ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संस्था आहे, तिचे तांत्रिक सल्लागार स्वयंसेवक म्हणून लोकांचे प्रकल्प बघायला जातात. असा माणूस मिळाला तर स्टॅबिलायझरचा पत्रा चढवण्याआधी बोलवा, नंतर नाही. फोटोवरून तिरकेपणा कळतो, पत्र्यांमधली फट कळत नाही.

---

गॅरेजवाला

सगळ्यांचे आभार. भिंग, गेज आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन एकेक रिव्हेट पाहिला.

ताई, तुमचं खरं निघालं. सगळे तिरके उजवीकडेच. माझा बार डाव्या हातात असतो. आणि रिव्हेट गेजपेक्षा किंचित लांबही होते.

निर्णय असा: रेघवाला काढणार. तिरक्यांपैकी एकाचं डोकं इतकं घसरलंय की भोकाचा काठ दिसतो, तोही काढणार. बाकी राहतील. चपट्याला भेगा नाहीत. चंद्रकोर फक्त डोक्यावर आहे. शून्य_तडजोड, राग मानू नका, तुमच्याइतका हात बसला की बघू.

काका, एकच शेवटचं. काढल्यावर भोक थोडं मोठं झालंच तर लगेच ५/३२ वर जायचं का?

---

जुना_फिटर

नाही. आधी भोकात नवा १/८ घालून बघा. किंचित ढिला वाटला तरी चालेल, दांडा फुगून भरतो. डगडग हलत असेल किंवा भोक लांबट दिसत असेल तर तिथेच थांबा, कडेचं अंतर मोजा आणि फोटोसकट किट बनवणाऱ्यांच्या तांत्रिक विभागाला विचारा. मोठा रिव्हेट चालेल की नाही हे ड्रॉइंग ज्याने काढलं त्याने सांगायचं, मी नाही आणि इथलं कुणीही नाही.

पुढे पत्रा चढवताना सपाट डोक्याच्या ३/३२ च्या रिव्हेटचं भोक मोठं झालं तर मात्र एक सोय आहे. एनएएस १०९७ नावाचे रिव्हेट मिळतात, दांडा १/८ चा पण डोकं लहान, जवळजवळ ३/३२ च्या खळग्यात बसणारं. बांधणारे लोक त्यांना ऊप्स रिव्हेट म्हणतात. थोडे आणून ठेवा. अर्थात तिथेही कडेचं अंतर मोजूनच.

रेघवाला काढलात की त्या भोकावर लगेच नवा मारू नका. शेजारचे रिव्हेट आधीच बसलेत, त्यामुळे पत्रे उघडून बघता येणार नाहीत. पातळ फीलर गेज फटीत फिरवा, हवेने फुंकर मारा, कीस बाहेर येतो का बघा. भोकाच्या दोन्ही कडांची बर (ड्रिलने उठलेली धातूची धार) काढा. मग त्याच भोकात क्लेको घालून फट मिटते का तपासा. मिटली तर क्लेको काढून जवळ क्लॅम्प लावा आणि मारा. नाही मिटली तर शेजारचा एक रिव्हेटही काढावा लागेल.

आणि स्क्वीझर घ्याच. शेपटाच्या कडेचे निम्मेअधिक रिव्हेट त्याने होतील, त्यात मनगटाचा प्रश्नच येत नाही.