मदत हवी आहे: रॉसच्या अर्लला फितूर म्हणावं का? (स्कॉटलंड, १२९६ ते १३०८)

नमस्कार मंडळी,

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी स्कॉटलंडच्या गादीच्या भांडणावर लेख लिहिते आहे. बाकी सगळं जमलं, पण एका माणसापाशी येऊन आठवडाभर अडले आहे. तो म्हणजे उत्तरेकडच्या रॉस मुलखाचा अर्ल (मोठा सरदार) विल्यम. क्लॅन रॉस, म्हणजे रॉस कुळ, आपली परंपरा याच घराण्यापर्यंत नेतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १२८६ मध्ये राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री घोड्यावरून निघाला आणि वाटेत मेला. वारस उरली ती नॉर्वेतली लहानगी नात. तीही १२९० मध्ये येताना ऑर्कनीत वारली. मग १३ जणांनी गादीवर हक्क सांगितला. निवाडा इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डकडे गेला, १२९२ मध्ये जॉन बॅलिअल राजा झाला आणि चारच वर्षांत एडवर्डने त्याला पायउतार केलं.

त्या १२९६ च्या लढाईत विल्यम स्कॉटलंडच्या बाजूने होता. डनबारच्या किल्ल्यात पकडला गेला आणि १३०३ पर्यंत लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहिला. सुटला तो एडवर्डचा माणूस होऊन, स्पे नदीपलीकडच्या मुलखाचा कारभारी म्हणून. १३०६ मध्ये गादीवर हक्क सांगणाऱ्या घराण्यातल्या रॉबर्ट ब्रूसने एडवर्डला न जुमानता स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. पराभवांमागून पराभव झाले, तेव्हा त्याची राणी एलिझाबेथ, मुलगी मार्जरी, बहीण मेरी आणि बुकनची काउंटेस इझाबेला उत्तरेकडे पळाल्या. टेन गावी सेंट डूथॅक या संताच्या देवस्थानाच्या हद्दीत त्यांनी आसरा घेतला; अशा हद्दीत कुणाला धरायचं नसतं. त्या हद्दीत शिरून विल्यमने त्यांना धरलं आणि एडवर्डच्या हवाली केलं. इझाबेलाला बेरिकला आणि मेरीला रॉक्सबराला पिंजऱ्यात ठेवलं. राणीची सुटका व्हायला आठ वर्षं लागली, बॅनकबर्नच्या लढाईत ब्रूसने इंग्रजांना हरवल्यानंतर.

मागच्या उन्हाळ्यात टेनला गेले होते. दफनभूमीत त्या चॅपलच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. तिथे बराच वेळ थांबले, आणि मार्जरीचा विचार मनातून जाईना. अजून लहान मुलगी होती ती.

आणि ३१ ऑक्टोबर १३०८ रोजी हाच विल्यम ऑल्डर्नला ब्रूसपुढे गुडघे टेकतो. ब्रूस त्याला माफ करतो, वतन परत देतो, वर डिंगवॉल देतो, आणि पुढे आपली बहीण मॉड त्याच्या मुलाला, ह्यूला देतो!

मला विचारायचंय ते हे: बायको-मुलीला शत्रूच्या हाती देणाऱ्याला ब्रूसने कसं पोटात घेतलं? आणि मी विल्यमसाठी ‘फितूर’ लिहिलंय, ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, ‘फितूर’ काढा. फितुरी म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी दगा. १३०६ मध्ये विल्यमने ब्रूसचं मीठ कधी खाल्लं होतं? त्याच्या लेखी खरा राजा बॅलिअल, आणि तो फ्रान्समध्ये जिवंत होता, १३१४ पर्यंत. शिवाय अभिषेकाच्या दीड महिना आधी ब्रूसने डम्फ्रीजच्या चर्चमध्ये आपला प्रतिस्पर्धी सरदार जॉन कॉमिन याला मारलं होतं, आणि कॉमिन घराण्याशी रॉस घराण्याची सोयरीक होती. विल्यमची आई कॉमिनच. टेनला देवस्थानाची हद्द मोडली हे पाप खरंच, पण ब्रूसने वेदीपाशी रक्त सांडलं होतं. ब्रूस तरी कुठे एका जागी होता? १२९७ मध्ये बंड, १३०२ मध्ये पुन्हा एडवर्डला शरण.

माफीबद्दल माझं मत: ब्रूसला सूड परवडणारा नव्हता. दक्षिणेत इंग्रज फौजा, पश्चिमेला मॅकडूगल घराणं शत्रू. उत्तर शांत झाल्याशिवाय तो खाली उतरू शकत नव्हता.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण १३०७ चं पत्र विसरू नका. थोरला एडवर्ड जुलैमध्ये मेला आणि मुलगा लक्ष देईना. विल्यमने त्याला कळवलं की ब्रूस चालून आला, आपण स्वखर्चाने ३,००० माणसं पंधरा दिवस उभी केली, तरी मुलूख बेचिराख झाला असता म्हणून तह केला. मदत आली नाही. मग माणसाने काय करावं? मला त्या पत्रात कावेबाजपणा दिसत नाही, एकटा पडलेला जमीनदार दिसतो.

अजून एक. तो टॉवरमध्ये असताना १२९७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अँड्र्यू मरेने त्यांच्या ताब्यातल्या अर्कर्ट किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा त्याची बायको युफेमिया इंग्रज किल्लेदाराच्या मदतीला फौज घेऊन गेली होती. नवरा एडवर्डच्या तावडीत असताना ती दुसरं काय करणार? तिला लेखात जागा द्या.

शब्दाबद्दल: आपल्या जुन्या कागदांत देशमुख-पाटील ‘कौल घेऊन रुजू झाले’ असं येतं. ऑल्डर्नला झालं ते नेमकं हेच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ‘कौल घेऊन रुजू झाला’ हेच लिहिते. युफेमियाचं मला माहीतच नव्हतं. आता लेख टेनपासून सुरू न करता टॉवरमधल्या सात वर्षांपासून करते. शेवटी मुलांचं येईल: वॉल्टर बॅनकबर्नला ब्रूसच्या बाजूने लढताना पडला, आणि ह्यू १३३३ मध्ये हॅलिडन हिलच्या लढाईत सेंट डूथॅकचा सदरा अंगात घालून मेला. ज्याची हद्द बापाने मोडली, त्याच संताचा सदरा.

टेनबद्दल मात्र मी विल्यमला माफ करू शकत नाही. तेवढं वाक्य ठेवणार आहे. आणि देवस्थानाच्या त्या हद्दीला ‘अभयक्षेत्र’ चालेल का, की आणखी साधा शब्द आहे?