इंटरव्ह्यूमागून इंटरव्ह्यू नकार, उमेद कशी टिकवायची?

दांडियाबाजारची:
नमस्कार. मी बडोद्याची. एम.एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय. निकाल लागल्यापासून फार्मा कंपन्यांच्या क्यूसीसाठी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणारा विभाग) खटपट चालू आहे. रविवारचे वॉक-इन, एखाद्या हॉटेलचा हॉल, सकाळी टोकन घ्यायचं आणि दुपार टळल्यावर नंबर. आत जेमतेम दहा मिनिटं, मग "कळवतो". कळवत मात्र कोणीच नाही. स्पष्ट नाही म्हटलं तर निदान विषय तरी संपेल. इथे फोन वाजला की पोटात गोळा येतो, आणि पलीकडे असतात क्रेडिट कार्डवाले.

घरी कोणी टोचून बोलत नाही. आई दार उघडते आणि आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते, तेच मला सहन होत नाही. या रविवारी पादऱ्याकडच्या एका प्लँटचं वॉक-इन आहे, पण फाइल हातात घ्यावीशीच वाटत नाहीये. तुम्ही हे दिवस कसे काढलेत?

क्यूसीवाला_दादा:
ताई, मी क्यूसीतच आहे आणि हल्ली टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून तिकडून काय दिसतं ते सांगतो. जागा दोन-तीन असतात. त्यातली एखादी कॉन्ट्रॅक्टवर आधीपासून काम करणाऱ्याला द्यायचं मनात असतं. उरलेल्या जागांना एचपीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हात बसलेला माणूस हवा असतो. फ्रेशरला नाही म्हणताना त्याच्या हुशारीचा विचारही झालेला नसतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पण एक गोष्ट तुझ्या हातात आहे. आम्ही हमखास विचारतो: रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या, बाहेर आला तर काय करशील? बहुतेक मुलं पटकन म्हणतात, "पुन्हा टेस्ट करीन." तिथेच आमचं पेन थांबतं. कारण न शोधता रिझल्ट बसेपर्यंत टेस्ट करत राहणं हा ऑडिटमधला मोठा गुन्हा. आधी सीनियरला कळवायचं, सॅम्पलचं सोल्युशन फेकायचं नाही, मग वजन, डायल्युशन (किती पातळ केलं ते), इंटिग्रेशन (यंत्राच्या आलेखावरचं मोजमाप), कॉलम (घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी) तपासत यायचं. हे पुस्तकात शोधून सापडत नाही, कोणीतरी सांगावं लागतं.

बाहेर पडलीस की रिक्षा करण्याआधी तिथेच उभी राहून विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढ. जे आलं नाही ते त्याच रात्री वाच. त्यांनी कळवलं नाही तरी तो प्रश्न तुझा झाला. मला तरी यानेच बळ आलं.

मांजलपूरकर:
दादांचं पटतं, पण मी थोडं वेगळं सांगेन. नुसत्या फार्माची वाट बघू नका. मकरपुऱ्याकडे, नंदेसरीकडे सांडपाणी तपासणाऱ्या लॅब आहेत, तिथे फ्रेशर घेतात. मी तिथूनच सुरुवात केली. सीओडी आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते बघायच्या दोन टेस्ट: सीओडीचं दोन तासांचं रिफ्लक्स (वाफ परत थंड करत उकळणं), बीओडीच्या बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस, आणि हातांना केमिकलचा वास. पगार बेताचाच होता. पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला ठिकाण मिळालं, आणि मनाची अर्धी मरगळ तिथेच गेली. रिकामा दिवस नकारापेक्षा जास्त खातो.

सुमनकाकू:
बाळा, आईला आपण होऊन सांग की आज काय विचारलं आणि काय आलं नाही. माझा मुलगा असाच गप्प बसायचा आणि आम्ही दोघं रात्र रात्र जागायचो. तो बोलायला लागला तसा घरातला ताण उतरला. आईला नोकरीपेक्षा तुझी काळजी असते गं.

दांडियाबाजारची:
काकू, काल रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, विचारलं तर तुला राग येईल." दोघी खूप रडलो. बरं वाटलं.

मांजलपूरकर दादा, मकरपुऱ्यातल्या दोन लॅबमध्ये उद्या बायोडेटा देऊन येते. रविवारी पादऱ्यालाही जाणार आहे.

क्यूसीवाला दादा, स्पेसिफिकेशनचं उत्तर पाठ केलंय: सीनियरला कळवीन, सोल्युशन जपून ठेवीन, मग एकेक पायरी तपासीन. एवढं पुरेल का?

क्यूसीवाला_दादा:
छान आहे. त्यात एवढं घाल: "तपासणीत जे दिसेल ते त्याच वेळी लिहून ठेवीन, नंतर आठवून लिहिणार नाही." आणि टेलिंग फॅक्टर, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखातलं पीक (उंचवटा) मागच्या बाजूला किती लांबलंय त्याचं माप, कसा काढतात तेही बघून जा. पीकच्या उंचीच्या 5 टक्क्यांवरची पूर्ण रुंदी, भागिले त्याच उंचीवरच्या पुढच्या भागाच्या (पीकच्या सुरुवातीपासून टोकाखालच्या रेषेपर्यंतच्या) रुंदीची दुप्पट. कागदावर पीक काढून दाखवता आलं पाहिजे, तोंडी सांगताना गोंधळ होतो. सोमवारी इथे काय काय विचारलं ते लिही.