ती 'घट' झाडांची होती, तापमानाची नव्हे

काही जण म्हणतात की २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून फुटलेल्या ईमेलमध्ये हवामान शास्त्रज्ञांनीच 'घट लपवली' असं कबूल केलं, म्हणजे तापमानवाढ थोतांड आहे. हे अजिबात पटलं नाही. तिथले हवामानशास्त्रज्ञ फिल जोन्स यांनी 'घट' हा शब्द असलेला तो ईमेल नोव्हेंबर १९९९ मध्ये लिहिला. आदल्याच वर्षी, १९९८ ला, तोवरच्या नोंदींतलं सर्वांत जास्त जागतिक तापमान नोंदलं गेलं होतं. मग तापमानातली कुठली घट लपवणार?

घट होती झाडांच्या वाढवलयांत. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाचा आडवा काप पाहिला, तर प्रत्येक वलयाच्या कडेला गडद पट्टा दिसतो. ते उन्हाळ्याच्या शेवटी तयार झालेलं लाकूड. उन्हाळा जितका उबदार, तितकं ते दाट. त्यावरून जुन्या काळचं तापमान काढतात. पण साधारण १९६० नंतर उत्तरेकडच्या बऱ्याच झाडांत हा मेळ बिघडला. थर्मामीटर चढत गेला, घनता मात्र उतरली. आणि ही अडचण त्या ईमेलच्या आधीच शोधनिबंधांत छापून आलेली होती!

चूक झाली होती, तीही सांगायलाच हवी. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावरील आलेखात झाडांच्या नोंदींतला १९६० नंतरचा तो घटीचा भाग गाळून थर्मामीटरचे आकडे जोडले, पण तसं तिथे स्पष्ट केलं नाही. २०१० मध्ये या ईमेल प्रकरणाची चौकशी करणाऱ्या मुइर रसेल समितीने तो आलेख दिशाभूल करणारा ठरवला. शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल मात्र शंका नाही असंही म्हटलं.

माझा राग आहे तो ईमेल फोडायला निवडलेल्या वेळेबद्दल. कोपनहेगनची संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद जेमतेम तीन आठवड्यांवर असताना हे ईमेल बाहेर काढले गेले, आणि झाडांची वलयं समजावून सांगायला कुणाला उसंतच मिळाली नाही.