प्रतिसाद: दगडावरची नक्षी आणि मंगळावरचे ठिपके

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या दगडात दिसलेली नेच्यासारखी (फर्नसारखी) नक्षी तुम्हाला जीवाश्म वाटली, पण ती जीवाश्म नव्हे हो, बहुधा मँगनीज ऑक्साइड, म्हणजे एक खनिज. दहापट भिंगातून बघा: पानाला मधली शीर असते, ही मात्र भेगेच्या काठापासून फांद्या फोडत पसरते. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात जीवाश्म मिळणं अवघडच.

आकार असा फसवतो, म्हणूनच मंगळावर नुसता आकार जीवसृष्टीचा पुरावा धरत नाहीत. मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या 'चेयावा फॉल्स' नावाच्या खडकावर (२०२४) मिलिमीटरभर ठिपके दिसले. त्यांच्या काळ्या कडेत लोहाचं फॉस्फेट, आतल्या भागात लोहाचं सल्फाइड, शिवाय चिखलदगडात सेंद्रिय कार्बन! पृथ्वीवर सूक्ष्मजीव असे ठिपके घडवू शकतात. पण सल्फाइड जीवांशिवायही बनतं, फक्त तसं बनायला सहसा जास्त उष्णता लागते. खडक किती तापला होता, सगळं तिथेच अडतं. त्या खडकाचा नमुना पृथ्वीवर यायलाच हवा!