कुत्र्यासोबत शहराजवळचा ट्रेक: वाट कशी पारखायची?

पायवाट
तीन वर्षांची लॅब्राडोर आहे, मादी, वजन २६ किलो. सपाटीवर रोज तासभर चालते, डोंगराची सवय नाही. शहरापासून दीड-दोन तासांवर ट्रेकच्या वाटा भरपूर आहेत. ‘कुत्र्यांसाठी योग्य’ अशा याद्याही मिळतात, पण सोपं-अवघड ठरवलेलं असतं ते माणसाच्या हिशेबानं. वाट कुत्र्याला झेपेल का, हे निघण्याआधी घरबसल्या कसं तपासायचं? वरून छान दिसावं ही इच्छा आहेच, पण त्यापायी तिचे हाल नकोत. सोबत काय न्यायचं तेही सांगा.

कातळ
आधी परवानगी. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत बऱ्याच ठिकाणी कुत्र्यांना मनाई असते, आणि ती योग्यच आहे. डिस्टेंपर, रेबीज हे आजार पाळीव कुत्र्यांकडून रानातल्या कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत पोचतात. तेव्हा राखीव जंगलाबाहेरच्या टेकड्या, पठारं आणि तलावाकाठच्या वाटा शोधा.

मग समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा उघडा. दोन रेषांमध्ये २० मीटर उंची असेल आणि एका किलोमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असाल, तर तो १०० मीटरचा चढ झाला. पहिल्या वेळेला एवढा पुरे. दहा रेषा आल्या तर ती वाट तूर्त सोडा. चढताना कुत्रं कुरकुरत नाही, खरा त्रास उतारावर होतो. उभं असतानाच त्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, उतरताना ते आणखी पुढे जातं आणि खांदे-कोपर भरून येतात. जाऊन-येऊन ५-६ किलोमीटर आणि एकूण चढ ३०० मीटरच्या आत, एवढ्यावर सुरुवात करा.

आता शिड्या आणि कातळटप्पे. लोकांनी टाकलेले फोटो बघताना चढतानाचे सोडा, उतरतानाचे बघा. माणसं कातळाकडे तोंड करून किंवा बसून घसरत उतरताना दिसली, तर तिथे कुत्र्याचा निभाव लागणार नाही. लोखंडी शिडी काही कुत्री चढून जातात, पण तीच उतरायची म्हटलं की वरच थबकतात. पायऱ्यांच्या फटीतून खालची पोकळी दिसते आणि पंजा टेकायला पट्टी अरुंद पडते. माझा निकष साधा आहे: वाटेतल्या सगळ्यात वाईट जागी २६ किलोचं जनावर तुम्ही दोघं मिळून सुखरूप उचलून उतरवू शकाल का? नाही म्हणालात, तर ती वाट बाद.

सावलीकडे फार कमी लोक लक्ष देतात. उपग्रहाचं चित्र कोरड्या महिन्यांतलं बघा, पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं. सकाळचा ट्रेक असेल तर पश्चिमेच्या उतारावरून चढणारी वाट निवडा, डोंगराची सावली बराच वेळ अंगावर राहते. पूर्वेच्या उतारावर ऊन उगवतीलाच गाठतं. उघडा काळा कातळ उन्हात किती तापतो ते हाताला कळतं: तळहाताची मागची बाजू टेकवा, सात सेकंद ठेववत नसेल तर त्यावरून चालवू नका. पंजाची गादी भाजते आणि कातडी सोलून निघते.

राहिलं देखावा. त्यासाठी माथाच गाठायला हवा असं नाही. डोंगराच्या कमरेवरून आडवी जाणारी वाट किंवा पठाराची कड तेवढंच दाखवते. कडेपासून दहा-एक पावलं अलीकडे थांबा आणि दोरी आखूड धरा. पक्षी उडाला की कुत्रं त्याच्यामागे झेपावतं, पुढे जमीन आहे की नाही हे बघत नाही.

रानपाखरू
वरचं सगळं पटलं. सामानाचं सांगते.

छातीवर इंग्रजी वाय आकाराचा पट्टा येणारा आणि पाठीवर धरायची मूठ असलेला हार्नेस घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. काख घासली जाते, म्हणून नवा हार्नेस आधी आठवडाभर घरी वापरा. दोरी साधी, सुमारे १.८ मीटरची. आपोआप लांबणारी दोरी डोंगरावर नकोच, ती झुडपांत अडकते आणि झटका बसला की हातातून निसटते.

चार तासांच्या ट्रेकला २६ किलोच्या कुत्र्यासाठी दोन लिटर पाणी वेगळं ठेवा. अर्ध्या-पाऊण तासानं सावलीत थांबून थोडं थोडं पाजा. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींना भरल्या पोटी पळवणं टाळलेलं बरं, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. मुख्य जेवण निघण्याच्या तीन तास आधी किंवा परतून शांत झाल्यावर द्या.

सगळ्यात मोठी भीती उष्माघाताची. कुत्र्याला घाम जवळपास फक्त पंजांना येतो, बाकी अंग धापा टाकूनच थंड होतं. हवा दमट असली की तेही पुरेसं होत नाही. जीभ रुंद होऊन लोंबते, हिरड्या गडद लाल होतात, लाळ घट्ट होते, पाय लटपटतात. यातलं काहीही दिसलं तर चालणं तिथेच थांबवा. सावलीत नेऊन पोट, काखा आणि मांड्यांवर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. आधी थंड करा, मग दवाखान्याकडे निघा, आणि गाडीतही वारा चालू ठेवा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना उन्हातला ट्रेक नकोच.

आणि माणसांच्या पेटीतली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीच देऊ नका. दोन्ही विषारी ठरू शकतात.

पायवाट
खूप उपयोगी माहिती, आभार. दोन शंका: ओढ्याचं पाणी पिऊ द्यावं का? आणि थोडं सामान तिच्या पाठीवर दिलं तर चालेल?

कातळ
वाहतं पाणीही खात्रीचं नसतं, डबकं तर नकोच. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात उतरतात. लस मिळते: सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक. तलावावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर पोहूही देऊ नका. ते निळे-हिरवे शेवाळ असू शकतं, आणि अंगाला लागलेलं चाटूनही कुत्रं दगावतं.

सामान आत्ता नको. डोंगराची सवय झाली की वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तिच्यासाठी अडीच किलो, दोन्ही बाजूंना सारखं विभागून. वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लाला मात्र अजिबात नाही.

रानपाखरू
एक राहिलं: गवत वाळल्यावर कुसळं. टोक पुढे आणि उलटे केस मागे, त्यामुळे कुसळ फक्त आतच सरकतं. बोटांच्या बेचक्यात घुसलं की कातडीखाली जाऊन गळू होतं. कानात गेलं की कुत्रं डोकं एका बाजूला कलतं ठेवून सारखं झटकतं. अशा वेळी कानात चिमटा घालू नका, डॉक्टरकडे न्या.

गाडीत बसवण्याआधी बेचके, कानांच्या घड्या, काखा, जांघा आणि गळपट्ट्याखाली बोटं फिरवा. गोचीड मुगाच्या दाण्याएवढ्या गाठीसारखी हाताला लागते. बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ, संथ ओढा. पिळू नका, रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा: ताप, खाणं सुटणं, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त यांतलं एकही दिसलं तर रक्ततपासणी करा, आणि अमुक तारखेला डोंगरावर गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.