शब्दचर्चा : 'आठवडा' सातांचा, मग 'आठ दिवसांनी' म्हणजे कधी?

अजिंक्यतारा, सातारा
'आठवडा' या शब्दात आठ आहे आणि दिवस सात. 'सोमवारी माल उचलला, पैसे आठ दिवसांनी' असं ठरलं की पैसे पुढच्या सोमवारी द्यायचे, हे सगळ्यांना कळतं. गावाकडं 'आठ दिसानं ये' म्हटलं तरी तोच वार. मात्र लेखी सूचनेत '१ तारखेपासून आठ दिवसांनी' असं आलं की एकजण ८ तारीख धरतो, दुसरा ९. वार काढताना नेमके किती दिवस मिळवायचे? आणि 'आठ दिवसांनी' हा प्रयोग चूक म्हणायचा का?

कृष्णाकाठ, सांगली
चूक नाही. ती मोजण्याची जुनी रीत आहे, आरंभाचा दिवस धरून मोजण्याची. आजचा सोमवार एक, मंगळवार दोन, असं बोटावर मोजत गेलं की पुढचा सोमवार आठवा येतो. पंधरवड्याचंही तसंच. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे तोच वार, प्रत्यक्ष अंतर चौदा दिवस. आपल्याकडेच असं आहे असंही नाही. फ्रेंच लोक आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस'च म्हणतात. जुन्या रोममध्ये बाजार दर आठव्या दिवशी भरायचा, पण त्याचं नाव नऊ या आकड्यावरून पडलेलं, कारण तेही दोन्ही टोकं मोजत.

आकडेमोडीसाठी दोनच शब्द पक्के धरा : 'धरून' आणि 'सोडून'. शब्द आरंभाचा दिवस 'धरून' मोजणारा असेल तर आकड्यातून एक वजा करा, 'सोडून' मोजणारा असेल तर करू नका, मग सातानं भागा. जी बाकी राहील तितके वार पुढं जा.

क्रमवाचक नावं सगळी 'धरून' मोजतात. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जन्मतारखेत ११ मिळवायचे. बाकी ४, म्हणून सोमवारी जन्म असेल तर बारसं शुक्रवारी. दहावा म्हणजे ९ मिळवायचे, बाकी २ : सोमवारचा दहावा बुधवारी. तेरावा म्हणजे १२, बाकी ५ : सोमवारचा तेरावा शनिवारी. तेराव्याला १३ मिळवले की रविवार येतो आणि पत्रिकेत वार एक, तारीख दुसरी असं छापलं जातं. छापायला देण्याआधी ही वजाबाकी करून बघावी.

मिरज
वरच्यात एक भर. सगळी गोम प्रत्ययात आहे. 'आठ दिवसांनी' हा काळातला एक बिंदू आहे, 'आठ दिवसांच्या' ही मात्रा आहे. डॉक्टर 'पंधरा दिवसांच्या गोळ्या' लिहितात तेव्हा औषधवाला रोज एक याप्रमाणे पंधरा मोजून देतो. 'पंधरा दिवसांनी दाखवायला या' म्हणतात तेव्हा पेशंट त्याच वारी, चौदा दिवसांनी येतो. एक गोळी शिल्लक राहते, आणि त्यात कुणाचंच चुकलेलं नसतं.

दुसरं असं की 'नी' लागला म्हणून प्रत्येक आकडा धरून मोजायचा नसतो. 'दहा दिवसांनी' म्हणजे आजची तारीख अधिक दहा. सोमवारी म्हटलं तर गुरुवार. 'वीस दिवसांनी' तसंच. आठ आणि पंधरा हे दोनच आकडे मोजणीचे न राहता नाव झालेत, म्हणून ते वेगळे वागतात. बोलताना अडत नाही. लेखी सूचनेत मात्र 'आठ दिवसांनी' लिहूच नये, 'पुढील सोमवारी, दि. ८' असं वार आणि तारीख दोन्ही घालून लिहावं. दोन्ही असले की एकाचा ताळा दुसऱ्यानं घेता येतो.

आणि 'आड'. नळाच्या पाण्याच्या वेळापत्रकात हमखास घोळ होतो तो इथंच. 'दिवसाआड' म्हणजे मध्ये एक दिवस कोरडा, अंतर दोन. 'दोन दिवसांआड' म्हणजे अंतर तीन : सोम, गुरू, रवि, बुध, शनि, मंगळ, शुक्र आणि मग पुन्हा सोम. हे चक्र २१ दिवसांनी पुरं होतं. 'दोन दिवसांआड' आणि 'दर दोन दिवसांनी' हे एकाच अर्थानं वापरले तर तिसऱ्याच दिवशी वेळापत्रक बिघडतं.

कराड
हीच रीत तिथीला लावता येईल का? गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसतात, अनंत चतुर्दशीला उठतात. चारातून चौदा, फरक दहा. मग विसर्जनाचा वार दरवर्षी बसवल्या वारापासून तीन पुढं यायला हवा. तसा येत नाही.

वाई
येत नाही, कारण तिथी आणि दिवस ही वेगळी मापं आहेत. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यानं तिथी सुमारे २० तासांपासून २७ तासांपर्यंत कितीही लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू, ती त्या दिवसाची. दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली तर क्षय, दोन सूर्योदयांना स्पर्श केला तर वृद्धी.

गणपतीचंच बघा. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबर, मंगळवार आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबर, गुरुवार. अंतर नऊ. २०२४ साली ७ सप्टेंबर, शनिवार ते १७ सप्टेंबर, मंगळवार. अंतर दहा. तिथी दोन्ही वर्षी तितक्याच. पंधरवड्याचाही एक अर्थ पक्ष असा आहे. त्या अर्थानं तिथी पंधरा असल्या तरी दिवस चौदा, पंधरा किंवा सोळा, क्वचित तेरा भरतात. म्हणून तिथीच्या वजाबाकीला सातानं भागून वार काढू नये, एक दिवसानं हुकण्याची शक्यता कायम असते.

वाराची साखळी मात्र कधी तुटत नाही. जुने गणिती म्हणूनच वारावर तिथीपेक्षा जास्त विसंबत. त्यांचा शब्द 'अहर्गण' : ठरावीक आरंभापासून गेलेल्या दिवसांची सलग संख्या. गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' या ज्योतिषगणिताच्या ग्रंथात शके १४४२ हा आरंभ धरला आणि आकडे लहान राहावेत म्हणून अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. एका चक्राचे दिवस ४०१६. त्याला सातानं भागलं की बाकी ५. म्हणून चक्रांची संख्या पाचानं गुणायची, अहर्गण मिळवायचा, सातानं भागायचं आणि बाकी सोमवारपासून मोजायची, शून्य म्हणजे सोमवार. आलेला वार त्या दिवसाच्या वाराशी जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा एक कमी करायचा. तिथीच्या क्षयवृद्धीमुळं जो एकाचा फरक पडतो तो वारानं पकडायचा, ही त्यातली युक्ती आहे, आणि ती फार सुंदर आहे.

अजिंक्यतारा, सातारा
आणि इंग्रजी तारखेचा वार तोंडी काढायची रीत? 'बाकी' म्हणतात ती नेमकी कशाची, हेही एकदा लिहा.

वाई
महिन्याचे दिवस सातानं भागून उरलेली ती बाकी. जानेवारीचे ३१ म्हणजे चार आठवडे आणि वर ३, म्हणून फेब्रुवारीचा अंक ३. फेब्रुवारीचे २८ निःशेष जातात, म्हणून मार्चचाही ३. असं मिळवत आणि सात टाकत गेलं की बारा महिन्यांचे अंक मिळतात : ०३३ ६१४ ६२५ ०३५. तीन-तीनचे गट करून पाठ करा.

वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या. त्यांचा चौथा हिस्सा मिळवा, अपूर्णांक सोडून. त्यात महिन्याचा अंक, तारीख आणि शतकाचा अंक मिळवा. शतकाचे अंक : १६०० साठी ६, १७०० साठी ४, १८०० साठी २, १९०० साठी ०, २००० साठी पुन्हा ६. बेरजेला सातानं भागा. बाकी ० रविवार, १ सोमवार, ६ शनिवार. १ मे १९६० : ६०, १५, १, १, ०. बेरीज ७७, बाकी शून्य, रविवार. १५ ऑगस्ट १९४७ : ४७, ११, २, १५, ०. बेरीज ७५, बाकी ५, शुक्रवार.

लीप वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत शेवटी एक वजा करायचा, कारण चौथ्या हिश्शात मोजलेला जादा दिवस अजून आलेलाच नसतो. २९ फेब्रुवारी २०२४ : २४, ६, ३, २९, ६ मिळून ६८, त्यातून एक गेला ६७, बाकी ४, गुरुवार. सगळ्यात जास्त उत्तरं चुकतात ती या एका वजाबाकीपायी. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, २००० होतं, हेही विसरू नये. शतकाचे अंक चारच का फिरतात? ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि ते सातानं निःशेष भागतात. चारशे वर्षांनी कॅलेंडर वारासकट परत येतं.

आता आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. प्रतापगडचा प्रसंग शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवार. पुस्तकांत इंग्रजी तारीख १० नोव्हेंबर १६५९. वरच्या रीतीनं ५९, १४, ३, १०, ६ : बेरीज ९२, बाकी १, सोमवार. बरेच लोक इथं 'जुनी नोंद चुकीची' म्हणून मोकळे होतात. नोंद बरोबर आहे. ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ पर्यंत चालवली. २ सप्टेंबर बुधवारनंतर एकदम १४ सप्टेंबर गुरुवार आला : तारखा अकरा उडाल्या, वार एकही नाही. जुन्या पद्धतीसाठी शतकाचा अंक वेगळा, १६०० साठी २ आणि १७०० साठी १. मग ५९, १४, ३, १०, २ : बेरीज ८८, बाकी ४, गुरुवार. शकावलीशी, म्हणजे शकवार लिहिलेल्या जुन्या नोंदींशी, जुळलं.

पोर्तुगीजांनी नवी, म्हणजे ग्रेगोरियन, पद्धत १५८२ सालीच घेतली होती. त्यामुळं सतराव्या शतकात गोव्याचा कागद आणि इंग्रज वखारीचा कागद एकाच दिवसाच्या दोन तारखा दाखवतात, फरक दहा दिवसांचा. अशा वेळी वार लिहिलेला असेल तर तोच निवाडा करतो. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रांवर साल एकानं कमी दिसू शकतं. आपल्याकडं शक चैत्रात बदलतो, म्हणून शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारी ते चैत्र लागेपर्यंत ७९. पानिपत शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार, तारीख १४ जानेवारी १७६१. इथं ७९ मिळवले तरच साल जमतं. वार नव्या अंकानं : ६१, १५, ०, १४, ४ मिळून ९४, बाकी ३, बुधवार.

कराड
राज्याभिषेकाला मात्र जुना अंक लावूनही अडतं. ६ जून १६७४ : ७४, १८, ४, ६, २ मिळून १०४, बाकी ६, शनिवार. जेधे शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे.

वाई
दोन्ही बरोबर. इथं 'वार' या शब्दाचाच अर्थ बघायला हवा. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. सिंहासनारोहण तीन घटका रात्र उरली असताना झालं. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी. पंचांगाचा शुक्रवार अजून चालू होता, इंग्रजी शनिवार मध्यरात्रीच लागला होता. दिवस लिहिताना शकावलीकारानं शुक्रवारच्या सूर्योदयाची तिथी द्वादशी लिहिली. त्या पहाटेला प्रत्यक्षात त्रयोदशी लागलेली होती, म्हणून शनिवार आणि त्रयोदशी ही जोडी आपण मानतो. मध्यरात्र ते सूर्योदय एवढ्या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या नोंदीत एका वाराचा फरक आला तर तो दोष समजू नये. आजही पहाटे तीनला कुणी गेलं तर दहावा कधीपासून धरायचा यावर घरात दोन मतं पडतात, त्याचं मूळ हेच.

कृष्णाकाठ, सांगली
मूळ प्रश्नातली 'पासून'ची बाजू राहिली. कायदा पहिला दिवस 'सोडून' मोजतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ प्रमाणं 'पासून' म्हटलं की पहिला दिवस वगळायचा. १९६३ च्या मुदत कायद्यातही, कलम १२ मध्ये, तेच. १ तारखेपासून तीस दिवस म्हणजे ३१ तारीख, आणि बाकी २ असल्यानं सोमवारची मुदत बुधवारी संपते. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी चालतं.

मुदती बिलाचं उलट. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टनं मुदतीत तीन दिवस सवलतीचे मिळवायचे : नव्वद दिवसांचं बिल ९३ दिवसांनी पिकतं, म्हणजे त्याचे पैसे देणं लागतात. ९३ ची बाकी २, सोमवारचं बिल बुधवारी. तो बुधवार सार्वजनिक सुट्टीचा निघाला तर बिल आधीच्या कामाच्या दिवशी, मंगळवारी पिकल्याचं धरतात. पुढं सरकेल या भरवशावर राहिलं तर बिल न वटल्याचा शिक्का बसतो.

मिरज
संगणकावर ताळा घेणाऱ्यांसाठी एवढंच. एक्सेल १९०० साल लीप धरतं, नसलेला २९ फेब्रुवारी दाखवतं आणि १ मार्च १९०० च्या आधीचे वार एकानं चुकवतं. १ जानेवारी १९०० सोमवार होता, एक्सेल रविवार सांगतं. त्याआधीच्या तारखा ते घेतच नाही. बाकीचे बरेच प्रोग्रॅम नवी पद्धत मागं हवी तितकी ओढतात, त्यामुळं १० नोव्हेंबर १६५९ घातली की तिथंही सोमवारच येतो. तारखेत आधी दहा मिळवून २० नोव्हेंबर घालावी, मग गुरुवार मिळतो. १७०० च्या फेब्रुवारीनंतरच्या जुन्या तारखांना दहाऐवजी अकरा.